मुळी मातीत असते

माझा आतेभाऊ हिपॅटायटिस बीसाठी गेली नऊ वर्षं रोज रात्री टेनोफोव्हिरची एक गोळी घेतो. परवा त्याने रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. "बघ, रक्तात व्हायरस सापडतच नाही. चार वर्षं हेच येतंय. मग आता गोळी कशासाठी?"

मला यात हट्ट दिसला नाही. दुखत नाही, खुपत नाही, तरी रोज औषध घ्यायचं म्हणजे रोज स्वतःला आठवण करून द्यायची की आपण आजारी आहोत. लग्नाला गेलं तरी गोळ्या पिशवीत, आणि कुणी विचारलं तर "व्हिटॅमिनची आहे" म्हणायचं. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने पसरत नाही. तरी ताट वेगळं काढणारी घरं अजून आहेत. हे ओझं गोळीपेक्षा जड असतं.

दादा शेतकरी, म्हणून मी हरळीची गोष्ट काढली. हरळी वरून खुरपली की रान स्वच्छ दिसतं, पण मुळी मातीत असते. एक पाऊस झाला की पुन्हा हिरवं. ही गोळी विषाणूच्या नव्या प्रती निघू देत नाही. मात्र यकृताच्या पेशींच्या केंद्रकात त्याच्या डीएनएचं एक लहानसं कडं दडून बसलेलं असतं, त्याला गोळीचा हात लागत नाही. रक्तात विषाणू न सापडणं म्हणजे रान खुरपलेलं असणं. मुळीचा जोर खरोखर सरला याची खूण निराळी आहे: रक्तातून सरफेस अँटिजेन, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणातलं प्रथिन, नाहीसं होणं. गोळी चालू असताना हे वर्षाला शंभरात जेमतेम एखाद्याच्या बाबतीत घडतं.

तरीही दादाचा प्रश्न डॉक्टरांनाही पडलेला आहे. २०१२ साली ग्रीसमधल्या डॉक्टरांनी ३३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. चार-पाच वर्षं अ‍ॅडेफोव्हिर हे अशाच प्रकारचं औषध घेऊन त्या रुग्णांनी ते थांबवलं होतं. विषाणू परतला, बहुतेकांच्या यकृताला सूज आली. पण पुढच्या काही वर्षांत त्यांतल्या १३ जणांचं सरफेस अँटिजेन गेलं! परतलेला विषाणू पाहून शरीराची निजलेली प्रतिकारशक्ती जागी होते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. मला हे वाचून आनंद झाला, आणि लगेच धास्तीही वाटली. कारण तीच जाग यकृत जाळूही शकते. ज्याचं यकृत आधीच कडक होऊन आकसलं आहे, सिरॉसिस झाला आहे, त्याला ही सूज झेपत नाही. त्याने गोळी सोडायचीच नाही. शिवाय ग्रीसचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. तैवानमध्ये विमा योजनेतून बऱ्याच रुग्णांना साधारण तीनच वर्षं गोळी मिळे, त्यामुळे थांबवणारे खूप होते. तिथे अँटिजेन जाणारे फारच थोडे निघाले. आशियातल्या रुग्णांत अँटिजेनचं प्रमाण शंभर युनिटच्या खाली उतरलेलं असेल तरच थांबण्यात काही अर्थ, असं आज बरेच तज्ज्ञ मानतात.

आणि थांबवलं तरी सुटका कुठे? पहिले काही महिने वरचेवर रक्त तपासून घ्यावं लागतं. टेनोफोव्हिर सोडल्यावर भडका बहुधा याच काळात उडतो, आणि डोळे पिवळे होईपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. म्हणून ज्याला तालुक्याच्या लॅबपर्यंत पुन्हापुन्हा जाणं जमणार नाही, त्याच्यासाठी रोजची गोळीच सोपी. २०१८ साली सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून ती सरकारी केंद्रांवर मोफत मिळते. मला भीती वाटते ती डॉक्टरांना विचारून थांबणाऱ्यांची नाही; 'आता बरं वाटतंय' म्हणून गुपचूप सोडणाऱ्यांची वाटते.

दादाला मी एवढंच म्हटलं, "हा प्रश्न मला विचारलास तसा डॉक्टरांना विचार." त्याने विचारला. त्यांनी रागावून न बोलता अँटिजेनचं प्रमाण मोजणारी तपासणी लिहून दिली. आकडा दोन हजारांच्या वर आला.

रिपोर्ट घडी करून त्याने खिशात ठेवला. रात्री जेवण झाल्यावर डबी उघडली, गोळी घेतली, उरलेल्या मोजल्या आणि वहिनीला म्हणाला, "शनिवारी बाजारच्या दिवशी आणायला हव्यात."