प्रवेशअर्जापूर्वी

दहावीचा निकाल हाती पडताच अकरावीच्या प्रवेशअर्जाची मुदत घरावर स्वार होते, आणि ज्या निर्णयावर पुढील अध्ययनाची दिशा अवलंबून असते, तो निर्णय शेजारच्या मुलाचे गुण ऐकून घाईघाईने घेतला जातो, याची मला मनापासून चिंता वाटते. गणित सोडले की अभियांत्रिकीची वाट बहुधा बंद होते, जीवशास्त्र सोडले की वैद्यकाची. परंतु वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास खुला असतो, हे किती पालक जाणतात? म्हणून व्यवसायाचे नाव निश्चित करण्यापूर्वी त्याच्या प्रवेशाच्या अटी वाचाव्यात. विषय पुढे बदलल्याचे एक उदाहरण पाहा: इरावती कर्वे यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, पुढे समाजशास्त्राचा अभ्यास केला, आणि बर्लिनला संशोधन करून अखेरीस मानवशास्त्रात कीर्ती संपादन केली. तेव्हा पहिली निवड अखेरची असतेच असे नाही. तथापि ज्या विषयाचे पुस्तक मूल कोणी न सांगता उघडते, त्या ओढीची साक्ष गुणपत्रिकेहून अधिक ग्राह्य मानावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पालकहो, अर्जावर सही करण्यापूर्वी एक सायंकाळ मुलाजवळ बसा आणि त्याचे म्हणणे, मध्ये न बोलता, पुरते ऐकून घ्या.