उतरलेल्या वजनाचे श्रेय

जाड माणसाविषयी निकाल द्यायला लोकांना फारसा वेळ लागत नाही. खादाड, आळशी, जिभेवर ताबा नसलेला, हे साक्षीपुराव्याशिवायच ठरून जाते. त्याच माणसाने वीस-पंचवीस किलो वजन उतरवले की निकाल तितक्याच घाईने फिरतो. मग तो निग्रही होतो, जिद्दी होतो, मनाचा पक्का होतो. माझे वजन दोन वर्षांत ९३ किलोंवरून ६७ किलोंवर आले. त्यामुळे पहिला निकाल मी पंधरा वर्षे ऐकला आणि दुसरा आता ऐकते आहे. माणूस तोच, शाळा तीच, नमाज-रोजे तेच. म्हणून विचारावेसे वाटते, की वजनकाटा नेमके काय मोजतो? शरीर हलके झाले म्हणजे माणूसही सुधारला, असे समजायचे का?

फायद्यांविषयी आधी सांगते, कारण ते खरे आहेत आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात काही शंका नाही. शाळेचा जिना चढताना मधे थांबावे लागत असे, ते थांबले. रात्रीचे घोरणे गेले आणि दुपारच्या तासाला डोळ्यांवर येणारी झापडही गेली. उपाशीपोटी साखर १६२ होती, ती ९८ वर आली. दोन गोळ्यांची एक झाली. गुडघ्यांचे म्हणाल तर त्याचा हिशेब अभ्यासकांनी मांडलेला आहे: एक किलो वजन कमी झाले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. २६ किलोंचा गुणाकार वाचकांनीच करावा.

मधुमेहाच्या बाबतीत तर गेल्या काही वर्षांत डॉक्टरांची भाषाच बदलली आहे. एकदा जडला की जन्मभर राहणारा आणि वाढतच जाणारा रोग, अशी त्याची ओळख होती. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेले आणि इन्सुलिन न घेणारे रुग्ण त्यात होते. ज्यांनी १५ किलो किंवा अधिक वजन उतरवले अशा ३६ जणांपैकी ३१ जणांची साखर वर्षाअखेरीस गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. न्यूकॅसलचे प्राध्यापक रॉय टेलर याचे कारण असे सांगतात की यकृतात आणि स्वादुपिंडात साचलेली चरबी आधी उतरते. चरबीने भरलेले यकृत गरज नसताना रक्तात साखर सोडत राहते आणि चरबीखाली दबलेल्या स्वादुपिंडाला पुरेसे इन्सुलिन तयार करता येत नाही. भार हटला की दोघेही पुष्कळदा पुन्हा कामाला लागतात. पण रोग पुरता गेला असे कुणी म्हणत नाही. वजन परत आले की तोही परत येतो.

एवढे फायदे असतील तर ज्याने ते मिळवले त्याचे कौतुक का नको? आणि जो मिळवत नाही त्याला दोष का देऊ नये? प्रश्न सरळ दिसतो. माझ्या घरात मात्र तो सरळ राहत नाही. माझ्या अम्मीचे वजन आयुष्यात कधी ५० किलोंच्या वर गेले नाही. तिला बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह झाला. 'बिचारीच्या नशिबी आले,' असे सगळे म्हणाले. मला तोच रोग पस्तिशीच्या आत झाला तेव्हा नशिबाचे नाव कुणी काढले नाही. सगळ्यांनी माझ्या ताटाकडे पाहिले.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडमधील त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढलेला निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे काट्याच्या दृष्टीने दोघे सारखेच. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सडसडीत दिसणारा आपला माणूस आतून चरबी बाळगून असतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून याज्ञिकांच्या पथकाने गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंच्या आसपास, म्हणजे युरोपातील बाळांपेक्षा बरीच हलकी. हातपाय काटकुळे, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आईच्या पोटात पुरेसे मिळाले नाही की शरीर काटकसर शिकते आणि पुढे भरल्या ताटासमोरही ती काटकसर सोडत नाही.

हे वाचल्यावर मला आमच्याकडच्या दस्तरख्वानाची आठवण होते. आधी पुरुष, मग मुले, मग म्हाताऱ्या आणि सर्वांत शेवटी घरची सून, तीही बहुधा पोटुशी. माशाच्या तुकड्या संपलेल्या असत, कालवण उरलेले असे. अशा जेवणावर वाढलेल्या तीन पिढ्यांचा हिशेब चौथ्या पिढीतील एका बाईच्या कमरेवर दिसला, तर त्याला तिच्या नफ्सची कमजोरी म्हणायचे का?

मुंबईत २०१७ साली थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन माणसे चर्चेत आली. २१ फेब्रुवारीला महापालिकेचे मतदान होते. लेखिका शोभा डे यांनी एका अतिशय लठ्ठ पोलिसाचे छायाचित्र टाकून 'भारी' बंदोबस्ताची कोटी केली. ते गृहस्थ मुंबई पोलीस दलातले नव्हतेच. मध्य प्रदेशातील निरीक्षक दौलतराम जोगावत, वजन सुमारे १८० किलो. हे वजन खाण्याने वाढलेले नाही, शरीरातील इन्सुलिन बिघडल्याने वाढले आहे, असे त्यांना साऱ्या देशाला सांगावे लागले. पुढे चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरात ६० किलोंहून अधिक वजन उतरले. टिंगल झाली म्हणूनच उपचार मिळाले, असे म्हणणारेही भेटतात. त्यांना मी एवढेच विचारते, की मग ज्यांची टिंगल रोज होते आणि ज्यांचे छायाचित्र कुठेच छापले जात नाही, ते सगळे आतापर्यंत बरे का झाले नाहीत?

त्याच महिन्यात त्याच हॉस्पिटलमध्ये इजिप्तमधील इमान अहमद हिला मालवाहू विमानाने आणले होते. वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगण्यात आले. किती किलो उतरले याचे आकडे वर्तमानपत्रांत येत राहिले. तिची बहीण मात्र म्हणत होती की ती अजून बरी झालेली नाही. वाद वाढला, मे महिन्यात तिला अबुधाबीला नेण्यात आले आणि २५ सप्टेंबरला ती वारली. वय ३७. डॉक्टरांनी पराकाष्ठा केली असेल, त्याविषयी मी बोलत नाही. पण त्या तीन महिन्यांत आपण सगळे तिची तब्येत काट्यावरच वाचत होतो.

आता माझ्या २६ किलोंकडे येते. ते कसे उतरले? रात्रीचे जेवण लवकर, दोन भाकऱ्यांची एक, चहा बिनसाखरेचा, इफ्तारीत भजी-समोसे बंद, आणि रोज सकाळी नागावच्या किनाऱ्यावर आक्षीच्या दिशेने पाऊण तास चालणे. यात माझा निश्चय होता, नाही असे कशाला म्हणू? पण त्या पाऊण तासात सकाळचा डबा सासूबाई करत होत्या. पहिल्या महिन्यात 'मास्तरीण पहाटे समुद्रावर कशाला जाते' अशी कुजबुज झाली, ती त्यांनीच एका वाक्यात बंद केली. शाळेची वेळ ठरलेली, पगार ठरलेला. सातव्या वेतन आयोगालाही दोन-तीन किलोंचे श्रेय द्यायला माझी हरकत नाही. आणि समुद्र फुकट होता.

आमच्या आळीतील एक बाई पर्यटकांच्या कॉटेजवर स्वयंपाकाला जाते. शनिवार-रविवारी अलिबाग-रेवदंडा रस्ता गाड्यांनी भरला की पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत ती चुलीपुढे उभी असते. स्वतःचे पहिले जेवण दुपारी चारला, तेही पाहुण्यांच्या उरलेल्या बिर्याणीचे. तिचे वजन ८८ आहे. मला जो सल्ला डॉक्टरांनी दिला तोच तिलाही दिला. तिने तो पाळला नाही, असे तिच्या केसपेपरवर लिहिले आहे.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड हे औषध 'मौन्जारो' या नावाने आपल्या देशात आले. आठवड्याला एक इंजेक्शन. पहिल्या मात्रेची किंमत तेव्हा साडेतीन हजार रुपये, म्हणजे महिन्याला चौदा हजार. आतड्यांतून जेवणानंतर पाझरणाऱ्या संप्रेरकांची ही नक्कल आहे. त्याने भूक मंदावते आणि दिवसभर डोक्यात चाललेला खाण्याचा विचारही थांबतो, असे घेणारे सांगतात. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. ज्याला आपण निग्रह म्हणत आलो त्यातला बराचसा भाग सुईतून देता येतो. मग ज्याची भूक मुळातच मंद आहे अशा माणसाने इतकी वर्षे निग्रहाचे श्रेय घेतले ते कशाच्या आधारावर? याच जातीचे सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यायामाने उतरवणाऱ्यांचेही फारसे वेगळे नाही. अमेरिकेतील टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतील १४ स्पर्धक सहा वर्षांनी तपासले, तेव्हा बहुतेकांचे वजन पुष्कळसे परतले होते आणि विश्रांतीतही त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. शरीर गेलेल्या चरबीची वसुली करत राहते.

यावर एक आक्षेप रास्त आहे आणि शिक्षिका म्हणून मला तो टाळता येणार नाही. सगळे संप्रेरकांवर, आईच्या पोटावर आणि पगारावर ढकलले तर माणसाच्या हाती राहिले काय? उद्या विद्यार्थीही म्हणेल, की माझ्या मेंदूतच गणित नाही. खरे आहे. पण उर्दू माध्यमात शिकवणाऱ्याला गुणपत्रिकेची एक खोच फार लवकर कळते. घरी शिकवणी असलेल्या मुलाचे ८० गुण आणि दुपारनंतर बापाच्या मासळीच्या टोपल्या उचलणाऱ्या मुलाचे ४५ गुण यांत मेहनत कुणाची जास्त, हे गुणपत्रिका सांगत नाही. ती फक्त उत्तरपत्रिकेविषयी बोलते. म्हणून आम्ही परीक्षा बंद करत नाही आणि ४५ वाल्याला नालायकही म्हणत नाही.

आपल्याकडे शरीराला अमानत मानतात. दुसऱ्याची ठेव नीट सांभाळावी, हे कर्तव्य झाले. ती सांभाळली म्हणून कुणी गळ्यात हार घालून मिरवत नाही, आणि एकाच्या तिजोरीला कुलूप व दुसऱ्याच्या घराला दारच नसेल तर दोघांचा जाबही सारखा घेतला जात नाही. रोज्याच्या बाबतीत आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत आहे, राहिलेले दिवस नंतर भरून काढण्याची. तिथे हुकूम करतानाही आधी माणसाची कुवत पाहिली आहे. मग एवढी सवड आम्ही शेजारणीला का देत नाही?

गेल्या वर्षी एका आरोग्य तपासणीत मुलांची वजने मोठ्याने वाचली जात होती. सातवीतील एका मुलाचा आकडा वाचला आणि रांग हसली. मी तपासनीसांना आकडे नुसते लिहून घ्यायला सांगितले. तेही म्हणाले, बाई, लाज वाटली तरच कमी करेल. तो मुलगा पुढच्या तपासणीला गैरहजर राहिला. ज्याला डॉक्टरांसमोर उभे राहायचीच लाज वाटते त्याचा रक्तदाब कोण मोजणार?

या हिवाळ्यातील लग्नसराईनंतर माझे चार किलो परत आले आहेत. लोकांच्या नजरेला ते माझ्याआधी दिसले. 'सोडलेत वाटते बाई,' असे दोघी-तिघींनी विचारलेही. सोडलेले नाही, चालणे चालू आहे. उपाशीपोटी साखर १०४ आली. डॉक्टरांनी गोळी एकच ठेवली असून पुढची तपासणी रमजाननंतर आहे. कॉटेजवरच्या त्या बाईला त्या दिवशी सुट्टी मिळाली, तर तीही बरोबर येणार आहे.