ऋणाची हद्द

लातूरच्या आडत बाजारातून उधारीवर माल उचलून बार्शीकडे निघालेला व्यापारी निजामाच्या अमदानीत एका दिवसाच्या वाटेवर राज्य ओलांडत असे. निजामाचा हाली सिक्का मागे राही, इंग्रजांचा कळदार रुपया सुरू होई, आणि निजामाच्या अदालतीने त्याच्याविरुद्ध उर्दूत दिलेला हुकूमनामा बार्शीच्या दिवाणी न्यायालयात परकीय ठरे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे, सरकारने खास अधिसूचना काढलेली नसेल तर, अशा हुकूमनाम्याची दरखास्त चालत नसे. धनकोला त्याच हुकूमनाम्यावर नवा दावा गुदरावा लागे. मग प्रश्न पडतो, की जे देणे लातुरात न्याय्य ठरले ते जकातनाक्यापलीकडे अन्याय्य होत नसेल, तर तिथे ते अडते तरी कशाने?

निलंग्याहून फार दूर नसलेल्या कल्याणीत, चालुक्य विक्रमादित्याच्या काळात, विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही टीका लिहिली. तिला आधारभूत असलेल्या याज्ञवल्क्यस्मृतीत पिता परदेशी गेला, निवर्तला किंवा संकटात बुडाला, तर त्याचे ऋण पुत्रपौत्रांनी फेडावे असे सांगितले आहे. वगळली आहेत ती मद्याची, द्यूताची, कामासक्तीची ऋणे, थकलेले दंड आणि थकलेली जकात. म्हणजे शास्त्रकाराने विचारले ते ऋण कशापायी झाले एवढेच. ऋणको कोणत्या राजाच्या मुलखात आहे, याची त्याला मातब्बरी नव्हती.

परंतु ऋण आणि निवाडा यांत अंतर आहे. ऋण माणसाबरोबर हिंडते, निवाड्यामागे मात्र राजदंड लागतो, आणि दुसऱ्याच्या राजदंडाला आपल्या घरात जप्ती करू देण्यापूर्वी न्यायाधीशाने चौकशी करणे मला अडवणूक वाटत नाही. फरीदकोटच्या राजाने आपल्या माजी खजिनदारावर, तो संस्थान सोडून गेल्यावर, त्याच्या गैरहजेरीत हुकूमनामे मिळवले. प्रिव्ही कौन्सिलने 1894 मध्ये ते शून्यवत ठरवले. संहितेचे कलम 13 हीच कसोटी लावते: न्यायालयाला अधिकार होता काय, नैसर्गिक न्याय पाळला गेला काय, कपट तर झाले नाही? प्रतिवादीचे उत्तर हा आपल्या स्मृतींनीही व्यवहाराचा, म्हणजे खटल्याचा, एक पादच मानला आहे.

1 एप्रिल 1951 रोजी संहिता हैदराबादलाही लागू झाली आणि बार्शी-लातूरमधला हा परकेपणा एका कायद्याने ओसरला. असाच बंगालमधील बांकुऱ्याच्या न्यायालयाचा 1949 मधला हुकूमनामा पूर्वीच्या संस्थानी मुलखातील मुरैन्याच्या न्यायालयाने प्रथम परकीय म्हणून नाकारला होता. पुढे 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बजावणीयोग्य ठरवला. कागद तोच, देणे तेच. बदलला तो नकाशा.

आता 2020 पासून संयुक्त अरब अमिरातीतील न्यायालयांचे हुकूमनामे कलम 44अ खाली थेट आपल्या जिल्हा न्यायालयात बजावणीस येतात. दुबईला नोकरीस गेलेल्या लातूरकराचे तिकडचे कर्ज लातूरपर्यंत पोचू शकते. त्याआधीच 2005 च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्यात, त्यानंतर झालेल्या ऋणांपुरते, केवळ पुत्रधर्माच्या आधारे मुलावर दावा लावण्याची वाट बंद झाली आहे. समुद्र ओलांडणाऱ्या ऋणाला पिढीचा उंबरठा मात्र ओलांडता येऊ नये, हे विज्ञानेश्वराला रुचले असते असे मला वाटत नाही.