शिट्टी ज्याच्या हातात



आजचं चिंतन गीतेच्या १३व्या अध्यायातल्या ७व्या श्लोकावर (काही प्रतींत तो ८वा येतो). भगवंत इथे ज्ञानाची लक्षणं सांगतात आणि यादीतला पहिलाच शब्द आहे अमानित्व. म्हणजे मानाची हाव नसणं. क्षमासुद्धा याच श्लोकात आहे, पण नंतर. हा क्रम सध्या माझ्या डोक्यात घोळतोय, आणि त्याला कारण बास्केटबॉल.

माझी भाची १४ वर्षांखालच्या शाळेच्या टीमची कॅप्टन आहे. परवाच्या मॅचमध्ये तिने रेफरींना विचारलं, "सर, आमचे टीम फाऊल किती झाले?" बॉल डेड, घड्याळ थांबलेलं, आवाज साधा. फिबाच्या नियमांत कॅप्टनला सभ्यपणे माहिती विचारायची मुभा असते ती नेमकी अशाच वेळी. उत्तर आलं, "मला नियम शिकवतेस का?" आणि वर टेक्निकल फाऊल. समोरच्या टीमला एक फ्री थ्रो. रात्री तिने मला विचारलं, "मामा, तू म्हणतोस सहन करावं. मग मी गप्प बसायचं होतं का?"

नाही. अजिबात नाही.

आपली एक जुनी खोड आहे. नम्रतेचा श्लोक आपण कायम खालच्यालाच ऐकवतो. सुनेला, ऑफिसातल्या ज्युनिअरला, १३ वर्षांच्या मुलीला. पण माऊलींनी अमानित्व उलगडताना माणूस कसा रंगवलाय बघा: बृहस्पतीएवढी सर्वज्ञता अंगी आहे, तरी मोठेपणाच्या भीतीने तो वेड्याचं सोंग घेऊन लपतो. ज्याच्याकडे काहीतरी आहे, त्याच्याबद्दलचं हे बोलणं आहे. शिट्टी ज्याच्या हातात आहे, त्याच्याबद्दलचं.

नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये या खेळाचे पहिले १३ नियम लिहिले. त्यात अंपायरने खेळाडूंचे फाऊल बघायचे आणि रेफरीने बॉल, अशी कामाची वाटणी होती. स्वतःचा मान सांभाळायचं काम त्यात कुणाकडेच नव्हतं!

मग क्षमा कुठे येते? चार्ज होता की ब्लॉक, यात रेफरीची नजर चुकू शकते. तो निर्णय पटला नाही तरी मानायचा. फिबाच्या नियमांतही अशा निर्णयावर प्रोटेस्ट चालत नाही. स्कोअर किंवा वेळेची चूक राहून गेली तर गोष्ट वेगळी. तिथे कॅप्टन स्कोअरशीटवर सही करून प्रोटेस्ट नोंदवू शकते. म्हणजे चूक पोटात घालायची, पण विचारायचा हक्क सोडायचा नाही. आणि लहान मुलीचा अपमान झाला तर बोलायची जबाबदारी तिची नाही, मोठ्यांची. तिच्या कोचनी तेच केलं. मॅच चालू असताना एक शब्द बोलले नाहीत, संपल्यावर आयोजकांना काय घडलं ते लिहून दिलं.

हेही सांगायला हवं, की त्या दिवशी गॅलरीतले काही पालक पहिल्या मॅचपासून त्याच रेफरींवर ओरडत होते. दिवसभर शिव्या खाणारा माणूस साध्या प्रश्नातही हल्ला ऐकतो. त्यामुळे त्यांचं वागणं बरोबर ठरत नाही. पण ते पालकही घरी गेल्यावर मुलांना नम्रताच शिकवत असणार.

उद्या याच श्लोकातला दुसरा शब्द घेऊ, अदंभित्व.

राम कृष्ण हरी 🙏