ड्रमवरचं लेबल, माणसावरचं लेबल

नव्या कारखान्याबद्दलच्या परवाच्या जनसुनावणीत काय झालं, ते मोहोपाड्यापासून आपट्यापर्यंत सगळ्यांना कळलंय. तिथे आलेल्या एका वयस्कर बाबांचे प्रश्न दोनच होते. बोअरच्या पाण्याला वास का येतो आणि नातवाला काम कधी मिळणार. उत्तर आलं, ‘हे विकासविरोधी लोक!’ बाबा चिडले, तर मागून कुणीतरी म्हणालं, ‘खाई त्याला खवखवे.’

तेव्हापासून ही म्हण ऐकतोय आणि संताप येतोय. तुम्ही तसे नाही, मग झोंबलं का, असं विचारतात. म्हणजे गप्प बसलात तर कबुली आणि चिडलात तर पुरावा. या न्यायाने शेजाऱ्याला दारुडा म्हणा, तो ओरडला की झाला दारुडा. सुनेला कजाग म्हणा, ती रडली की झाली कजाग. अहो, ज्याने सुरण खाल्लाच नाही त्याच्या ओठांवर कच्ची फोड चोळलीत, तर त्यालाही खवखवणारच! ‘गमतीत म्हटलं’, ‘सगळेच म्हणतात’ या सबबींवर तर शाई घालवायचीही माझी इच्छा नाही.

माझी सगळी नोकरी लॅबमध्ये झाली. ड्रमचं झाकण उघडायचं, नमुना काढायचा, तपासायचा; मग लेबलवर रसायनाचं नाव, बॅच नंबर, तारीख, धोक्याची खूण आणि खाली सही. सही नसेल तर ड्रम गोदामातून हलायचा नाही. माणसाला लेबल लावताना झाकण कोण उघडतं? सही कोण करतं?

आणि विकासविरोधी कुणाला म्हणता? 1960 मध्ये हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स स्थापन झाली, तिचा कारखाना इथल्याच गावांच्या जमिनीवर उभा राहिला. 2017 साली केंद्र सरकारने इस्रोला लागणारा नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग तेवढा ठेवून इथलं बाकीचं उत्पादन बंद करायचं ठरवलं. जमिनी देणाऱ्यांच्या घरातला माणूस आज दुसऱ्या कारखान्याबद्दल विचारतोय, तर त्याने विचारूच नये?

आगरकरांच्या काळी पुण्यात ‘सुधारक’ ही शिवीच होती. 1888 मध्ये त्यांनी तेच नाव आपल्या वृत्तपत्राला दिलं. विरोधकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते नाव त्यांनी सोडलं नाही, कारण ते त्यांनी स्वतः विचार करून घेतलं होतं. बाबांनी ‘विकासविरोधी’ हे नाव घेतलेलं नाही. ते त्यांच्यावर चिकटवलं गेलं आणि त्याखाली त्यांचे प्रश्न झाकले गेले. त्यांचा राग त्या झाकण्याचा आहे.

प्रश्न विचारणाऱ्याला आधी बसायला खुर्ची द्या, हा माझा जुना हट्ट याच सदरात किती वेळा लिहिलाय. परवा बाबा शेवटपर्यंत उभे होते.

पर्यावरणविषयक 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीत आलेले मुद्दे ग्रामपंचायतीत लावावे लागतात. या आठवड्यात तिथे जा आणि बाबांचे दोन्ही प्रश्न त्यात आहेत का, ते स्वतः वाचून पाहा.