सावरणे आणि विसरणे

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागते. अशा गावात एखाद्या घरी पती वा पत्नीचे निधन झाले, म्हणजे तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेले असते. मग सोयरे परततात आणि निघताना सांगतात, ‘आता सावरा.’ हा उपदेश मायेचाच असतो. परंतु त्यात एक नैतिक आज्ञाही दडलेली असते. सावरणे म्हणजे विसरणे काय? तसे असेल, तर सावरणारा मृताशी प्रतारणा करतो काय?

विदर्भाशी नाते असलेल्या दोन संस्कृत कृतींत या प्रश्नाची दोन उत्तरे सापडतात. ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गात विदर्भकन्या इंदुमतीच्या मृत्यूनंतर वसिष्ठ शिष्याकरवी अजाला बोध पाठवितात. देह नश्वर, म्हणून शोक व्यर्थ, असा तो बोध. तो खोटा नव्हे. पण शोकाने भरलेल्या अजाच्या अंतःकरणात त्याला जागाच उरलेली नाही. अज पुत्रासाठी आठ वर्षे जगतो आणि पुत्र जाणता होताच देह ठेवतो. त्याचे कर्तव्य आणि त्याचा शोक यांचा परस्परांशी संवाद होत नाही.

भवभूतीचे पद्मपूर म्हणजे आमगावजवळील पदमपूर, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. हे गाव १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात सीता जिवंत नाही अशा समजुतीने राम विलाप करतो. त्या शोकाला भवभूती तुडुंब भरलेल्या तळ्याची उपमा देतो. कोहळ्यांनी बांधलेल्या तलावांच्या या प्रदेशात ती समजावून सांगावी लागत नाही. सांडवा तलाव रिता करीत नाही; बांध फुटू नये आणि पाणी टिकावे, यासाठीच तो असतो. मात्र विलापाने राम दोषमुक्त होत नाही. सीतेचा त्याग त्यानेच केला, याची जाणीव वासंती त्याला करून देते.

परंतु अज आणि राम हे पुरुष, शिवाय राजे. विधवेच्या वाट्याला वाणीऐवजी बहुधा कुंकू पुसण्याचा आणि बांगड्या फोडण्याचा विधी आला. तिचा शोक कसा दिसावा, हे समाजानेच ठरविले. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये निवर्तले. रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये आले. त्यात पतीची थोरवी आहे, पण ती सांगणारा आवाज पत्नीचा आहे. याच काळात त्या पुण्याच्या सेवासदनाच्या कामातही गढलेल्या होत्या. येथे स्मरण आणि कर्तव्य एकमेकांना छेद देत नाहीत.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याने अपमानाचा विधी थांबू शकतो. शोकाला श्रोता मिळेलच, असे नाही. ठरावाला जे साधत नाही ते शेजाऱ्याला साधू शकते. म्हणून तेरवीनंतर ‘सावरा’ म्हणण्यापूर्वी गेलेल्या माणसाविषयी विचारणे आणि ऐकत बसणे, हे सांत्वनकर्त्याचे पहिले कर्तव्य ठरते. सावरणे म्हणजे विसरणे नव्हे. आठवण वाहून नेता येईल इतके बळ पुन्हा मिळणे होय.