इंग्रजीच्या तासाला खरं बोलायचं का?

राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के लागला, २०१९ साली ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० साली थेट ९५.३० टक्क्यांवर गेला. मुलांची समज तीन वर्षांत अशी वरखाली होत नसते. मधल्या वर्षी भाषा विषयांचे शाळेने द्यायचे वीस गुण काढून घेतले होते. निकाल घसरल्यावर ते परत आले. या चढउताराचं ते एक मोठं कारण. मुलाचं इंग्रजी ऐकणं आणि बोलणं याच वीस गुणांत तपासलं जातं. गदारोळ झाला तो टक्क्यांचा आणि अकरावीच्या प्रवेशाचा. तोंडी परीक्षेत मूल जे बोलतं ते त्याचं स्वतःचं असतं का, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

इंग्रजीची उद्दिष्टं श्रवण, भाषण, वाचन, लेखन या चार कौशल्यांत मांडण्याची पद्धत आहे. त्यात चूक काही नाही. पण ही कौशल्यं कशासाठी, हे त्यातून कळत नाही, आणि ती उणीव मुलांच्या निबंधाच्या वह्यांत उतरते. ‘माझा छंद’ लिहायचा तर निम्म्या वर्गाचा छंद वाचन. मित्राला अभिनंदनाचं पत्र लिहायचं, तर असा कुणी मित्रच नसतो. सहल महाबळेश्वरची, जिथे लिहिणारी मुलगी कधी गेलेली नाही. स्पेलिंग चोख, काळ बरोबर, गुण भरपूर. आणि मजकुरातलं एकही वाक्य खरं नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती आपण एक नवी भाषा देतो आणि न पाहिलेलं ‘पाहिलं’ म्हणायला सांगतो. हा व्याकरणाचा नव्हे, नीतीचा प्रश्न आहे.

खरं सांगणं म्हणजे काय, याचं एक उत्तर जुनं आहे. भारतीय तत्त्वज्ञानातलं न्यायदर्शन शब्दाला ज्ञानाचं प्रमाण मानतं, पण कुणाच्याही शब्दाला नाही. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने विश्वासार्ह वक्ता, म्हणजे आप्त, कसा ओळखायचा ते सांगून ठेवलं आहे. त्याला ती गोष्ट प्रत्यक्ष ठाऊक हवी, आणि जशी ठाऊक आहे तशी सांगण्याची त्याची इच्छा हवी. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे. शब्दाची पत वक्त्याच्या जन्मावरून ठरत नाही. मग तो कोणती भाषा बोलतो यावरून तरी का ठरावी? शाळेतल्या इंग्रजीचं पहिलं उद्दिष्ट इथूनच घेता येतं. स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट अनोळखी माणसाला इंग्रजीत, जशी आहे तशी सांगता यावी.

अशा सांगण्यासारख्या गोष्टी, उदाहरणार्थ, सोलापुरात कमी नाहीत. शहराच्या पूर्वभागातल्या एखाद्या मुलीच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात कानडी, गल्लीत हिंदी-उर्दू. इंग्रजी तिची पाचवी भाषा. आई विड्या वळते. पान भिजवून मऊ करायचं, कात्रीने मापात कापायचं, तंबाखू भरून वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. कारखान्यात हजाराच्या हिशोबाने माल द्यायचा, तिथे काही विड्या बाद होणार, त्यांचे पैसे नाहीत. यातलं काहीच तिला पाठ करावं लागत नाही. हे तिने इंग्रजीत सांगितलं, तर क्रियापदं चुकली तरी तिची वाक्यं खरी असतील. शिक्षकांनी ती दुरुस्त करावीत. कर्मणी प्रयोग शिकवायला ‘पान कापलं जातं, दोरा बांधला जातो’ याहून चांगली उदाहरणं गाईडात मिळणार नाहीत.

पण म्हणून पाठांतराला तुच्छ लेखू नये. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या विवाहाची संमती वाचली जाते, ‘दिड्डम’चा घोष होतो आणि असंख्य हात अक्षता टाकतात. त्या कानडी वळणाच्या शब्दांचा अर्थ प्रत्येकाला सांगता येईलच असं नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. ते शब्द माहिती देण्यासाठी नाहीत, माणसं जोडण्यासाठी आहेत. जिल्ह्यातल्याच पंढरपुरात मात्र कीर्तनकाराला अभंग पाठ असून भागत नाही. निरूपण त्याला स्वतःच्या बुद्धीने करावं लागतं. इंग्रजीच्या तासाला कविता पाठ होते, पत्राचा साचा पाठ होतो, आणि निरूपणाची पाळी येण्याआधीच घंटा होते.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले २००९ साली जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आले, तेव्हा पुस्तकांची भाषा एक आणि मुलींच्या घरची कानडी, अशी स्थिती होती. ते आधी स्वतः कानडी शिकले, मग पुस्तकं मुलींच्या भाषेत आणली, त्यांत क्यूआर कोड घातले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि चर्चा झाली ती क्यूआर कोडचीच जास्त. हायस्कूलच्या इंग्रजी शिक्षकांनी उचलावं ते त्याआधीचं पाऊल: मुलांना काय ठाऊक आहे ते त्यांच्या भाषेत जाऊन पाहणं.

ऐकण्याचंही तसंच आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, चिनी शिकले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. कुठे दुखतंय हे विचारायचं आणि येणारं उत्तर समजून घ्यायचं, यापेक्षा भाषा शिकण्याचं मोठं कारण कुठलं असणार?

पालकांना इंग्रजीतून नोकरी दिसते, आणि ते रास्तच आहे. विड्या वळणाऱ्या आईने लेकीच्या इंग्रजीकडे पगार म्हणून पाहिलं, तर तिला तत्त्वज्ञान ऐकवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण पाठ केलेलं उत्तर मुलाखतीतही दुसऱ्या प्रश्नापर्यंतच पुरतं. आईचंही हित मुलीला स्वतःचं बोलता येण्यातच आहे.

त्यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही. तोंडी परीक्षेत शिक्षकांनी असा एक प्रश्न विचारावा, ज्याचं उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक नाही: तुझ्या घरी पहाटे आधी कोण उठतं, माग बंद पडला की काय करतात. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकी तीन मिनिटं धरली तर तीन तास होतात, म्हणजे पाच-सहा तासिका. मुख्याध्यापकांनी त्या जूनमध्येच वेळापत्रकात मांडून ठेवाव्यात; बोर्डाची परीक्षा तोंडावर आली की त्या निघत नाहीत.